खान्देशातल्या पुरुषांची कातडी: ऊन, घाम, खारं पाणी आणि मेडिकलवरची ट्यूब

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला भुसावळ-जळगावात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. डिसेंबरात धुळ्याच्या पहाटे तोच १० च्या खाली उतरतो. आणि या दोहोंच्या मधे, घरोघरी कानबाई बसते त्या श्रावणात, अंगावरचा घाम वाळायचं नाव घेत नाही. वर्षात तीन तऱ्हेची हवा सोसणाऱ्या कातडीच्या वाट्याला मात्र बारा महिने तेच येतं: एक आंघोळीचा साबण, आठवड्याची दाढी आणि खाज सुटली की मेडिकलवरून आणलेली ट्यूब.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त नुकसान करते. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. ज्यांना जांघेत खाज आहे त्यांनी थेट तिथे गेलं तरी चालेल.

दहा बाटल्यांची गरज कुणालाच नाही. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन या तीन वस्तू पुरतात. चौथी वस्तू कॉस्मेटिकच्या फळीवर मिळत नाही. ती म्हणजे मोठा सुती रुमाल, आणि तोही एक नव्हे, दोन. एक अंगावर, एक धुऊन वाळत. घामाने कडक झालेला तोच रुमाल चार दिवस तोंडाला बांधला, तर धुळीपासून वाचवलेला चेहरा मळाच्या हवाली केल्यासारखं होतं.

आधी पाणी बघा

साबण घासूनही फेस होत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, स्टीलच्या बादलीवर डाग पडतात, म्हणजे पाणी जड आहे. बोअरचं पाणी बहुतेक असंच असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट मळ तयार करतात. तो अंगावरून नीट धुतला जात नाही. आंघोळीनंतर कातडी ताणल्यासारखी वाटते, नडग्यांवर पांढऱ्या रेघा उठतात, त्यामागे हेच असतं.

तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. पाणी उकळल्याने थोडा जातो, सगळा नाही. व्यवहारात दोनच गोष्टी जमण्यासारख्या आहेत. पहिली, साबणाऐवजी सिंडेट बार (साबणासारखी दिसणारी, पण कृत्रिम डिटर्जंटची वडी) किंवा साबणविरहित फेसवॉश वापरायचा. त्याचा जड पाण्यात मळ होत नाही. शिवाय साध्या साबणाचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल) ९ ते १० असतो आणि निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास, त्यामुळे कातडीवरचं आम्लधर्मी संरक्षक आवरणही सिंडेटने कमी बिघडतं. दुसरी, घरात पिण्यासाठी मऊ पाणी येत असेल तर चेहऱ्यावरचा शेवटचा तांब्या त्या पाण्याचा घ्यायचा. सगळी आंघोळ फिल्टरच्या पाण्याने करायला कुणी सांगत नाही.

कपड्याच्या साबणाने तोंड धुणं आजही अनेक घरांत चालतं. ग्रीस निघतं, हे खरं. पण कातडीचं तेलही त्याच्याबरोबर जातं. गॅरेजमधल्या हातांचं ग्रीस काढायचं असेल तर आधी चमचाभर खाण्याचं तेल हाताला चोळा, जुन्या फडक्याने पुसा, मग सौम्य साबणाने धुवा. तेलात ग्रीस सुटतं. पेट्रोल किंवा थिनरने हात धुतल्यास कातडी फाटते आणि त्या भेगांतून एक्झिमा सुरू होतो.

सकाळ आणि रात्र

पुरुषाची त्वचा बाईच्या त्वचेपेक्षा साधारण २० ते २५ टक्के जाड असते आणि टेस्टोस्टेरॉनमुळे तेलही जास्त सोडते. म्हणून चेहरा तेलकट दिसतो, आणि म्हणूनच पुरुष दिवसातून पाच वेळा फेसवॉश मारतात. तिथेच चुकतं. दिवसातून दोनदा पुरे. मधे घाम आला तर नुसतं पाणी मारायचं आणि रुमालाने टिपून घ्यायचं, घासायचं नाही.

सकाळी चेहरा ओला करा. वाटाण्याएवढा फेसवॉश हातावर फेसून बोटांनी २० ते ३० सेकंद फिरवा. नाकाच्या बाजू, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची जागा हटकून राहून जाते. पाणी कोमट किंवा साधं असावं. हिवाळ्यात बंबाचं कढत पाणी तोंडावर ओतायची सवय असेल तर ती आधी सोडा. चेहरा टिपून झाल्यावर किंचित ओला असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. कातडी कोरडी पडल्यावर लावलेल्या मॉइश्चरायझरला धरून ठेवायला ओलावाच उरलेला नसतो.

तेलकट चेहऱ्याला जेल किंवा पातळ लोशन, कोरड्याला क्रीम. वेष्टणावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं बघून घ्या. त्याचा अर्थ रोमछिद्रं बुजू नयेत अशा बेताने बनवलेलं. खोबरेल तेल हातापायांना उत्तम, पण पुरळ येणाऱ्या चेहऱ्याला नको.

रात्रीचं धुणं चुकवू नका. दिवसभराची धूळ, डिझेलचा धूर, सनस्क्रीन आणि जिनिंगमधली कापसाची तूस हे सगळं उशीवर घेऊन झोपण्यापेक्षा सकाळचा फेसवॉश बुडाला तरी चालेल.

ऊन

काळ्या-सावळ्या कातडीला सनस्क्रीन लागत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. मेलॅनिनमुळे भाजणं कमी होतं. डाग, वांग, काळवंडणं आणि अकाली सुरकुत्या मात्र थांबत नाहीत. एसटीचा किंवा ट्रकचा ड्रायव्हर बघा: उजवा हात आणि उजवा गाल डाव्यापेक्षा गडद. काचेतून उन्हातले यूव्हीबी (कातडी भाजवणारे) किरण फारसे येत नाहीत, यूव्हीए (काळवंडवणारे) येतात. म्हणून सनस्क्रीन घेताना एसपीएफबरोबर पीए किती अधिकचं आहे तेही बघायचं. एसपीएफ यूव्हीबीबद्दल सांगतो, पीए यूव्हीएबद्दल. एसपीएफ ३० आणि पीएपुढे किमान तीन अधिकची चिन्हं असली की झालं. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतो आणि ५० साधारण ९८, त्यामुळे मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात हशील नाही.

खरा घोळ मात्रेत होतो. हे आकडे दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेले असतात. घरी लोक त्याच्या पाव ते निम्मा भाग लावतात आणि मग ‘काही फरक पडत नाही’ म्हणतात. माप सोपं आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ ओढा. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं.  दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभराच्या आत संपायला हवी. दिवाळीला आणलेली ट्यूब आखाजीला अर्धी उरली असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नव्हता, त्याचा वास घेत होता.

बाहेर पडण्याआधी १५ ते २० मिनिटं लावा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसल्यावर पुन्हा. कान आणि मानेचा मागचा भाग विसरू नका. दुचाकीवर सगळ्यांत जास्त भाजतात ते हाताचे पंजे. घाम येणाऱ्यांनी ‘वॉटर रेझिस्टंट’ प्रकार घ्यावा, नाहीतर तो ओघळून डोळ्यांत जातो आणि चुरचुरतो.

केळीच्या बागेत किंवा कापसात दिवसभर राबणाऱ्याला दर दोन तासांनी क्रीम फासायला सांगणं म्हणजे चेष्टाच. त्याचं सनस्क्रीन वेगळं: पूर्ण बाह्यांचा, दाट विणीचा, सैल सुती सदरा, रुंद काठाची टोपी किंवा मानेवर पडेल असं बांधलेलं उपरणं, आणि ११ ते ४ ची वेळ शक्य तितकी सावलीतली. जुन्या लोकांचं पांढरं धोतर, सदरा आणि पागोटं या बाबतीत आजच्या अर्ध्या बाह्यांच्या पॉलिस्टर टी-शर्टपेक्षा शहाणं होतं.

दाढी

मानेवर बारीक लालसर फोड्या, टोचणारे केस, काळे ठिपके. याला बहुतेक जण पुरळ समजतात आणि पुरळाचं क्रीम लावत बसतात. हे केस कातडीखाली वळून आत घुसल्यामुळे होतं. कुरळ्या, जाड केसांच्या दाढीत आणि अगदी खोलवर केलेल्या दाढीत ते जास्त दिसतं.

दाढी आंघोळीनंतर करा, किंवा निदान दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने केस भिजवा. भिजलेला केस मऊ होतो आणि ब्लेडला जोर कमी लागतो. फेस लावून मिनिटभर थांबा. ज्या दिशेने केस उगवतात त्याच दिशेने रेझर चालवा. मानेवर ही दिशा बदलते, म्हणून आधी बोट फिरवून बघा. कातडी ताणू नका, कारण ताणून कापलेला केस आत ओढला जातो आणि तिथेच वळतो. एका जागेवरून दोनच हात. नंतर थंड पाणी, हवा तर तुरटीचा खडा, मग मॉइश्चरायझर. जळजळणारं स्पिरिटचं आफ्टरशेव्ह मर्दानी वाटत असेल, पण ते कातडी कोरडी करण्यापलीकडे फारसं काही करत नाही. पाच-सहा दाढ्यांनंतर ब्लेड बदला. रेझर ओल्या बाथरूममध्ये ठेवू नका, झटकून कोरड्या जागी ठेवा.

फोड्या आधीच असतील तर तीन-चार आठवडे दाढी बंद ठेवून ट्रिमरने एक मिलिमीटर केस ठेवणं, हा सगळ्यांत स्वस्त आणि हमखास उपाय. चिमट्याने आतला केस उपटू नका. नवा उगवणारा केस आणखी खोल वळतो.

सलूनमध्ये दोन गोष्टींवर अडून बसायचं. ब्लेडचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, आणि टॉवेल स्वतःचा असला तर उत्तम. एकाच ब्लेडवरून चामखीळ, केसांच्या मुळांचा संसर्ग आणि हिपॅटायटिस बी-सी हे सगळं पसरू शकतं. न्हाव्याला सांगायला संकोच वाटतो हे खरं, पण ब्लेडची किंमत आणि यकृताची किंमत यात फरक आहे. दाढीच्या दिवशीच ब्लीच किंवा फेस मसाज नको.

गाई-म्हशी असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. वासराच्या डोळ्यांभोवती, कानांवर राखाडी, खपलीदार गोल चट्टे दिसले तर तो गजकर्ण आहे, आणि तो दूध काढणाऱ्याच्या दाढीत येतो. दाढीत सुजलेली, पू असलेली गाठ येते, केस सहज उपटून हातात येतात. बुरशी केसाच्या मुळात असल्याने नुसतं मलम पोचत नाही, डॉक्टरांकडून पोटातल्या गोळ्या लागतात. वासरावरही उपचार करा, नाहीतर महिन्याभरात तोच चट्टा परत.

पुरळ

पुरळावर फार लिहिण्यात अर्थ नाही, कारण करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि धीर जास्त लागतो. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के जेलचा पातळ थर दिवसातून एकदा, फोडापुरता नव्हे तर पुरळ येणाऱ्या सगळ्या भागावर. उशीचा अभ्रा पांढरा ठेवा, रंगीत कापडाचा रंग हे जेल उडवतं. काळी-पांढरी टोकं असलेले बारीक दाणे असतील तर सॅलिसिलिक ॲसिड २ टक्के. जास्त असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री ॲडापॅलिन ०.१ टक्के: पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री. सुरुवातीला सोलल्यासारखं होतं, तेव्हाच निम्मे लोक सोडून देतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

कपाळावरच्या पुरळाचं मूळ पुष्कळदा डोक्यावरच्या तेलात असतं, हनुवटीवरच्याचं हेल्मेटच्या घामट पट्ट्यात. हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर आठवड्याला धुवा. वेफर्सच्या किंवा भजी-कचोरीच्या कढईसमोर तासन्‌तास उभं राहणाऱ्यांनी काम संपलं की लगेच तोंड धुवावं. आणि जिममध्ये कुणी ‘बॉडीसाठी’ इंजेक्शन सुचवलं असेल, आणि छाती-पाठीवर मोठे दुखरे फोड उठले असतील, तर क्रीम शोधू नका, ते इंजेक्शन थांबवा.

टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा यांपैकी काहीही तोंडाला लावू नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर फोड येऊन त्याचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

जांघेतली खाज, आणि ती ट्यूब

गजकर्ण, नायटा, दाद, नाव काहीही घ्या, आजार बुरशीचा. कडेला लाल, किंचित उंच, खवल्यांची रिंग, मधे कातडी बरी दिसते, आणि घाम आला की खाज पेटते. जांघ, कंबर, ढुंगण, काख. ज्या जागी हवा पोचत नाही आणि ओल राहते तिथे तो वस्ती करतो. घट्ट जीन्स, नायलॉनची चड्डी, दुचाकीचं तापलेलं रेक्झिन, आणि कमरेचा करदोडा. करदोड्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो दिवसभर घामाने आणि आंघोळीच्या पाण्याने ओला राहतो आणि नेमक्या त्याच रेघेवर रिंगा उठतात. उपचार चालू असेपर्यंत काढून ठेवा. नाहीच काढायचा तर नवा बांधा आणि आंघोळीनंतर तोही कोरडा पुसा.

आता ट्यूब. खाज सुटली की माणूस मेडिकलवर जातो आणि ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो. मिळते ती बहुधा तीन-चार औषधांची खिचडी: बुरशीचं, जंतूंचं आणि त्यात एक जोरदार स्टिरॉइड. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ट्यूब ‘रामबाण’ ठरते. पण स्टिरॉइड बुरशीला मारत नाही, कातडीची लढायची ताकद दाबतो. लाली गेली, रिंग पुसट झाली, आत बुरशी आरामात पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट उसळते. मग पुन्हा ट्यूब. सहा महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ होते, आणि जांघेत जे पांढरट-जांभळे ताणाचे चट्टे पडतात ते जन्मभर जात नाहीत. चट्ट्याचं मूळ रूपच बदलल्याने डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं.

भारतात हा प्रश्न इतका वाढला, की २०१८ मध्ये सरकारने लावायच्या स्टिरॉइड क्रीमपैकी १४ औषधं अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. चिठ्ठी न मागता देणारी दुकानं तरीही आहेत. आणि आता बुरशीही हट्टी झाली आहे: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाच्या, २०२० मध्ये नाव मिळालेल्या प्रकारावर टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध अनेकदा चालत नाही. नावातच भारत आहे, यावरून काय ते समजा.

ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचायला शिका. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, ट्रायमसिनोलोन, यांपैकी काहीही दिसलं की स्टिरॉइड आहे. शेवटी ‘-सोन’, ‘-लोन’ किंवा ‘-टासॉल’ आलं की सावध व्हा. ‘-झोल’ मात्र वेगळं: क्लोट्रिमॅझोल, केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल ही बुरशीचीच औषधं आहेत. पण एकाच ट्यूबवर ‘-झोल’ आणि ‘-सोन’ दोन्ही असतील तर ती परत ठेवा. गोरं होण्यासाठी लावायच्या क्रीममध्येही मोमेटासोन सापडतं. चेहऱ्यावर ते महिनोन्‌महिने लावलं तर लाली, पुरळ आणि बारीक केस येतात, आणि उन्हात चेहरा पेटतो. असं क्रीम बऱ्याच काळापासून लावत असाल तर एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो, म्हणून ते सोडवायलाही त्वचारोगतज्ज्ञच लागतो.

चट्टा लहान असेल, एक-दोनच असतील आणि आधी स्टिरॉइड लावलेलं नसेल, तर घरी असं करा:

१. आंघोळ करून जागा पूर्ण कोरडी करा. टॉवेल दोन ठेवा: एक सगळ्या अंगाचा, दुसरा फक्त चट्ट्यांचा. पाय सगळ्यांत शेवटी पुसा.

२. नुसतं क्लोट्रिमॅझोल १ टक्का क्रीम, सकाळ-रात्र. बाहेरून आत या: रिंगेच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटर चांगल्या कातडीपासून सुरुवात करून मध्याकडे.

३. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा होते. एवढ्या चट्ट्याला दिवसाला १ ग्रॅम, चार आठवड्यांना २८ ग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅमच्या दोन ट्यूब. एका ट्यूबमध्ये बरा झाला म्हणणाऱ्याचा चट्टा पोळ्यापर्यंत परत येतो.

४. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहा.

५. चड्डी सैल आणि सुती, दिवसातून दोनदा बदला. कपडे घरच्यांपासून वेगळे, गरम पाण्यात धुवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर शिवणींवरून इस्त्री फिरवा. ओलसर चड्डी ‘अंगावर वाळेल’ म्हणून घालणं हे या आजाराचं खरं खत.

पायाच्या बोटांमध्ये चिखल्या असतील तर त्यांनाही तेच क्रीम लावा. आणि कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी. उलट केलंत तर पायावरची बुरशी चड्डीबरोबर वर चढते. हे ऐकायला विनोदी वाटतं, पण बरा झालेला चट्टा पुन्हा पुन्हा उठण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, चट्टे हातभर पसरलेत, घरात दोघा-तिघांना आहे, किंवा आधी ती ट्यूब लावून झाली आहे: तर गोळ्या लागतील, आणि त्या सहसा कित्येक आठवडे चालतात. डॉक्टरांकडे घरातल्या सगळ्या बाधितांनी एकदम जायचं.

खाज म्हणजे गजकर्णच असं नाही

रात्री अंथरुणात पडल्यावर खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, लिंगावर बारीक पुटकुळ्या आहेत आणि घरात दुसऱ्यालाही सुरू झालं आहे: ही खरूज. होस्टेलात आणि मजुरांच्या खोल्यांत ती झपाट्याने फिरते. परमेथ्रिन ५ टक्के क्रीम मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, एकही जागा न सोडता, रात्री लावून ८ ते १४ तासांनी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना विचारून. चादरी-कपडे गरम पाण्यात, आणि जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून तीन-चार दिवस बाजूला. औषधाने किडा मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यासाठी रोज परमेथ्रिन चोपडू नका.

छाती-पाठीवर फिकट किंवा तपकिरी, किंचित कोंडा सुटणारे ठिपके, खाज जवळजवळ नाही: ही शिबं. घामट, तेलकट अंगावर ती येतात. केटोकोनॅझोल २ टक्के शॅम्पू ओल्या अंगावर चोळून पाच मिनिटांनी धुवा, असं पाच दिवस. बुरशी जाते, पण रंग परतायला दोन-तीन महिने लागतात, आणि एवढा धीर नसल्याने लोक उगाच औषधं बदलत राहतात. डोक्यातल्या कोंड्यालाही हाच शॅम्पू, आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून, महिनाभर. कोंडा असताना डोक्यावर तेल थापणं म्हणजे त्या बुरशीला जेवण वाढणं.

घामोळ्यांवर पावडरचा डबा रिकामा करायची पद्धत सोडा. घामात भिजून पावडरीचा लगदा होतो आणि घामाची तोंडं आणखी बुजतात. गार पाण्याची आंघोळ, पंख्याखाली उघडं अंग, कॅलामाइन लोशन, झालं.

शेतातले तीन शत्रू

गाजरगवत पहिलं. १९५० च्या दशकात पुण्याजवळ ते दिसलं आणि नंतर बांधाबांधावर पसरलं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी काही वर्षांच्या संपर्कानंतर येते, आणि ती पुरुषांत जास्त दिसते. पापण्या, मानेच्या घड्या, कोपरांची बेचकी जाड, काळी, खाजरी होतात. हात लावायचीही गरज नसते, हवेतले सुके कण पुरतात. फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. त्या दिवशी बाह्या मनगटापर्यंत, तोंडाला रुमाल, आणि घरी आल्यावर पाणी पिण्याआधी आंघोळ. ॲलर्जी झालेल्या माणसाने ते काम दुसऱ्याला सोपवावं.

दुसरं, फवारणी. पाठीवरचा पंप गळून पॅन्ट भिजली तर ‘शेवटची तास उरकून घेऊ’ करू नका. जांघेची आणि वृषणाची कातडी औषध सगळ्यांत जास्त शोषते. भिजलेले कपडे तिथेच काढा, साबण आणि भरपूर पाणी. नायट्राइलचे हातमोजे, वारा येतो त्या बाजूला तोंड करून न चालणं, त्या हातांनी तंबाखू न मळणं. घाम फुटून चक्कर, मळमळ किंवा नजर धूसर झाली तर ते कातडीचं प्रकरण राहत नाही, डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

तिसरा बिब्बा. सातपुड्याच्या पायथ्याला तो सहज मिळतो आणि टाचांच्या भेगांत गरम करून भरायची जुनी रीत आहे. त्याचं तेल कातडी जाळतं. फोड, पाणी, मग काळे व्रण, आणि ॲलर्जी असेल तर तोंडापर्यंत सूज. मधुमेह असलेल्याने तर बिब्ब्याच्या वाटेला जाऊच नये.

भेगांना सोपं काही हवं असेल तर रात्री दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय, दगडाने हलकं घासणं (ब्लेडने कापणं नव्हे), टिपून युरिया १० ते २० टक्के क्रीम, ते नसेल तर व्हॅसलीनचा जाड थर, वर सुती मोजे. दहा-बारा रात्रींत फरक पडतो. नंतर आठवड्यातून दोनदा पुरतं. उघड्या टाचेची चप्पल घालून थंडीत शेतावर गेलात तर मात्र सगळं पाण्यात.

कधी थांबायचं

मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखा काळा, जाडसर पट्टा असतो. आई-बायको तो मळ समजून काथ्याने घासायला लावते. तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण आहे. उपाशीपोटी साखर तपासा, वजन उतरवा. पट्टा त्यानेच फिका होतो. वारंवार गळवं होणं किंवा लिंगाच्या टोकाला पुन्हा पुन्हा बुरशी येणं, यातही आधी साखरच बघायची.

फिकट किंवा लालसर चट्टा ज्यावर टाचणी टोचलेली कळत नाही, गरम-थंड समजत नाही, तो कुठल्याही क्रीमने झाकू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिने चालतं, आणि वेळेवर घेतलं तर हातापायांना काही होत नाही. महिनाभर न भरणारी जखम, झपाट्याने वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ, तापाबरोबर लाल, दुखरी, पसरणारी कातडी: यांना वाट बघायची सवलत नाही.

डॉक्टरकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या आणि चेपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या, आणि जायच्या दिवशी चट्ट्याला काहीही लावू नका. सुईच्या टोकाएवढा खवला खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असतो, आणि आदल्या रात्री मलम फासलेलं असेल तर तो खवला काही सांगत नाही.